सात आकडे

टेम्पोच्या टपावर एकशे साठ वॅटचं पॅनल,
आम्ही झोपतो त्या फळीखाली बॅटरी.
मंचक म्हणतो, वर एकटा कमावणारा,
खाली सगळे खाणारे.

मधे पूर्वी इन्व्हर्टर होता.
मोबाईलला पाच वॅट द्यायचे तर
स्वतःच आठ खायचा, नुसता गुरगुरत बसून.
चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला.
माळाकोळीच्या बाजारात विकून टाकला.
आता बारा व्होल्टची वायर सरळ येते:
एक बल्बला, एक पंख्याला, एक मोबाईलच्या पिनेला,
आणि लाल टेपवाली माझ्या गोंदायच्या मशीनला.
तिला कुणी हात लावायचा नाही.

माळेगावची जत्रा.
मार्गशीर्षात आभाळ भरू नये, पण दोन दिवस भरलेलं.
त्यात रात्री मी उंटवाल्यांचे अकरा मोबाईल
चार्ज करून दिले, वीस रुपयाला एक.
लोभ, दुसरं काय.
सकाळी कंट्रोलरवर अकरा पूर्णांक नऊ.
मी मनात हिशोब धरला:
दोन नावं, एक विंचू, एक बदाम. बास.

तेवढ्यात चांगुणाबाई आल्या, कंधारकडच्या,
नवऱ्याचं मनगट धरून, लेकराचं धरतात तसं.
"नाव नको बाई. माझा नंबर काढ ह्यांच्या हातावर.
कुठंबी निघून जातात. मागच्या साली
लोह्याच्या स्टँडवर घावले, तिसऱ्या दिवशी."

सटवाजी स्टुलावर बसले.
मशीन सुरू झाली, तसे गालात हसले.
"गिरणी लागली का?"
बाई हळूच म्हणाल्या, "चाळीस वरीस पिठाची गिरणी होती.
आवाज ऐकला की बसतात गप."
खरंच. सुई कातडीत शिरत होती
आणि ते मान डोलवत होते,
जणू कुणाची तरी ज्वारी बारीक पडतेय.

सातवा आकडा संपता संपता
कंट्रोलरचा दिवा लाल झाला. मशीन बंद.
सटवाजी उठले.
"लाईट गेली. चला घरी."

मी म्हटलं, हातानं टोचते, सासूच्या सुया आहेत माझ्याकडं.
पहिल्याच टोच्याला त्यांनी हात ओढून घेतला.
आवाजाशिवाय सुई म्हणजे नुसती सुई.

मग आम्ही वाट पाहिली.
सात आकड्यांना कुणाचाच फोन लागत नाही.
बाईंनी मनगट सोडलं नाही,
दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून त्यांना भरवला.
शेजारी एका गाढवाचा सौदा मोडला, परत जमला.
मंचक टपावर चढून पॅनलवरची धूळ
जुन्या टॉवेलनं पुसत होता,
पुसून ऊन येणार असल्यासारखा.
सटवाजींनी बाईंना विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?"
त्या म्हणाल्या, "तुमच्याच."

पावणेतीनला आभाळ एका कोपऱ्यात फाटलं.
दिवा हिरवा व्हायला आणखी वीस मिनिटं.
मोबाईलची पिन काढली, बल्बची काढली,
पोरगी ओरडली तरी तिचा टॅब काढला.
सगळा सूर्य लाल टेपवाल्या वायरीला दिला.

घूं.
"आली का?"
"आली. बसा."

तीन आकडे. शेवटचा जरा वाकडा झाला,
बाई म्हणाल्या चालतंय, वाचता येतोय की.
मी तेल लावून पुसलं, आणि खात्री म्हणून
माझ्या तीन टक्के उरलेल्या फोनवरून
त्यांच्या हातावर बघत बघत नंबर लावला.
बाईंच्या कनवटीला घंटी वाजली.
"कुणाचा हो?" सटवाजींनी विचारलं.
"तुमचाच," त्या म्हणाल्या,
आणि उचलला नाही, वाजू दिला.

रात्री उंटवाले पुन्हा आले, मोबाईल घेऊन.
नाही म्हटलं. बारा पूर्णांक शून्य, उद्याचा भरवसा नाही.
एकाचा मात्र घेतला.
त्याची बायको गावाकडं, दिवस भरलेली.
त्याचे वीस रुपये कुठल्या खात्यात लिहावेत,
ते अजून ठरलेलं नाही.